दारातली गंगा

बोरथडीचे सुंदरराव माजलगावच्या मोंढ्यात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन मोठ्यानं सांगायचं, हे मापाड्याचं काम. या कामात माणसाचा माणसावरचा विश्वास फार दिवस टिकत नाही. पोत्याच्या तोंडाशी टपोरा हरभरा असतो, कोपरभर खाली गेलं की तो बारीक होतो, आणि तळाशी जे असतं त्याला हरभरा म्हणावं की नाही यावर वाद होऊ शकतो. सुंदररावांनी उमेदीची सगळी वर्षं पोत्यांत हात घातले. त्यामुळे पुढं पुढं पोत्याबाहेरच्या गोष्टीही त्यांना तोंडाशी एक आणि तळाशी एक अशाच दिसू लागल्या. डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की ते दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन पहिल्यानं काय लपवलं ते विचारत. गावात सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा त्यावर त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते टाच आपटून. तरी गावात त्यांना कोणी वाईट म्हणत नसे, कारण त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता. भावकीला त्यात सूट नव्हती.

अडचण झाली ती मुलीच्या लग्नात. स्वप्नाली फार्मसीचं शिकून माजलगावात एका मेडिकलवर काम करत होती. तिची दोन स्थळं सुंदररावांनी परत पाठवली. पहिला मुलगा बोलताना सारखा हसत होता. एवढं हसण्यासारखं त्याच्याकडं काय आहे, हे त्यांना कळेना. दुसऱ्यांनी घराला नवा रंग दिला होता. रंगाखाली काय आहे, हेही कळेना. तिसरं स्थळ आलं ते धारूरकडच्या डोंगरातल्या उंबरदऱ्याचं. मुलगा सोमेश्वर, केजला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान, घरी विधवा आई. मुलाची आई येऊन मुलगी बघून गेली होती, मुलगा-मुलगी फोनवर बोलले होते, मुलीचा होकार तिच्या आईच्या मार्फत आला होता. त्यावर सुंदरराव बघू म्हणाले. त्यांचं 'बघू' घरात सगळ्यांना पाठ होतं. स्वप्नाली स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"अण्णा, या बारीला तुमी मोडलं, तर पुन्हा मी पाव्हण्यांसमोर पोह्याची ताटली घेऊन येणार न्हाई. कुणाच्याच."

ती ओरडली असती तर सुंदररावांनी सोडून दिलं असतं. रोजच्या आवाजामुळे ते घाबरले.

मोडायचं कारण मात्र त्यांच्याकडं तयार होतं, आणि ते मध्यस्थानंच पुरवलं होतं. मध्यस्थ राधाकिशन हा सुंदररावांचा लांबचा मेव्हणा. सोयरीक जमवणं हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता. म्हणून तो जास्त बोलायचा. उंबरदऱ्याचं वर्णन करताना त्यानं सांगितलं होतं की पाण्याची काळजीच नको, दारात गंगा आहे, बारमाही. आणि ती दुसरी तिसरी कुणी नाही, तुमच्याच बोरथडीला येते तीच.

आता गंगथडीच्या, म्हणजे खालच्या सपाट नदीकाठच्या, माणसाला 'गंगा' म्हटलं की एकच चित्र दिसतं: या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाईल की नाही अशी नदी. बोरथडीला नदी तशीच आहे. तिला एक सरकारी नावही आहे, पण ते फक्त पुलावरच्या पाटीला ठाऊक. माजलगावच्या धरणाचं पाणी फुगून तिच्यात मागं येतं आणि वैशाखातसुद्धा तिथं म्हशी मानेपर्यंत बुडतात. पण गावाच्या वरच्या अंगाला तीच नदी होळीनंतर कोरडी पडते. सुंदररावांनी हिशेब मांडला. आपल्या वर नदी कोरडी, आणि तिच्याही वर ती बारमाही वाहते म्हणतात. म्हणजे ते एक तर खोटं बोलतात, नाही तर पाणी अडवून ठेवतात. खोटारडे की पाणीचोर, यांतल्या कुणाला मुलगी द्यायची एवढाच प्रश्न उरत होता.

याच्या मागं एक जुनी गोष्ट होती आणि ती हसण्यासारखी नव्हती. त्यांची थोरली बहीण मंगल अशीच डोंगरपट्ट्यात दिली होती. वडील स्थळ बघायला दिवाळीत गेले. ओढा खळाळत होता, वडील खूश होऊन आले. दिवाळीत डोंगरातला प्रत्येक ओढा खळाळतो हे वडिलांना कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांचा त्यात तोटा होता. उन्हाळ्यात मंगल डोक्यावर दोन हंडे घेऊन उतारावरून यायची. एकदा पाय घसरला आणि खुबा मोडला. ती अजून लंगडते. त्याबद्दल ती कुणाला काही म्हणत नाही, म्हणून सुंदररावांना तिच्यासमोर फार वेळ बसवत नाही.

तेव्हा त्यांनी ठरवलं की उंबरदऱ्याला जायचं ते भर वैशाखात, न कळवता, आणि डांबरी रस्त्यानं नाही. राधाकिशननं मोटारसायकल काढली आणि वडवणीवरून सरळ जाऊ म्हणाला. सुंदरराव म्हणाले, नदीच्या काठानं जायचं.

"काठानं रस्ता कुठं हाय, दाजी?"

"रस्त्यानं नेऊन तू मला दुसऱ्याच कुणाची गंगा दाखवलीस तर मी काय करू? आमच्या पुलापासनं धरायची, ती सुटू द्यायची न्हाई."

राधाकिशन म्हणाला की आजवर लोकांनी मुलाचं शिक्षण तपासलेलं पाहिलं, जमीन तपासलेली पाहिली. नदीची वंशावळ तपासणारा सासरा पहिलाच. मग त्यानं गाडी काठाला घातली.

बोरथडीच्या पुलाखाली पाणी नेहमीसारखं पडून होतं. वाहतं म्हणायला त्यात हालचाल नव्हती. रंग हिरवट, वर जलपर्णीची चादर, कडेला पाय घातला तर पोटरीपर्यंत आत जाईल असा काळा गाळ. दगड औषधालाही नाही. पोरांना चिंचा पाडायला दगड हवा असला तर ती रस्त्याची खडी चोरतात. सुंदररावांना यात वावगं काही दिसत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं पाणी असंच असतं.

फुगवटा संपला तशी नदी कोरडी झाली. रेती, मग रेतीत गोटे, कोंबडीच्या अंड्यासारखे गुळगुळीत. पुढं गोटे मोठे झाले, नारळाएवढे. सुंदररावांनी गाडी थांबवून एक उचलला, खाली ठेवला आणि आपल्या मनात काहीतरी नोंदवलं. एके ठिकाणी एक म्हातारा नदीच्या पात्रातच खड्डा खणून बसला होता. बाजूला घागर होती. त्याला सुंदररावांनी विचारलं की पाणी कुणी अडवलंय.

म्हाताऱ्यानं आधी डोंगराकडं हात केला आणि मग धरणाकडं. वरचे अडवतात आणि खालचे ओढतात, असं त्याचं म्हणणं पडलं. मधल्या गावांवर त्याचा काही आरोप नव्हता, कारण तो मधल्या गावचा होता.

"पण पाणी हाय की," तो म्हणाला. "उन्हाळ्यात गंगा खालून चालती."

"खालून म्हंजे?"

"रेतीच्या खालून. वर ऊन लागतं तिला."

नदी स्वतःच्याच खालून चालते, हे वाक्य सुंदररावांना एखाद्या आडत्याच्या तोंडी शोभलं असतं असं वाटलं. तोवर म्हाताऱ्याच्या खड्ड्यात तळाशी पाणी पाझरून गोळा झालं होतं. त्यानं वाटीनं काढून दिलं. ते बोरथडीच्या पाण्यापेक्षा थंड होतं आणि त्याला वास नव्हता. सुंदरराव दोन वाट्या प्यायले आणि आणखीच गंभीर झाले. आपल्या नदीचा चांगला माल असा वाटेत काढून घेतला जातो, हे त्यांना आज पहिल्यांदा समजत होतं.

पुढं डोंगर जवळ आले तशी नदी अरुंद होत गेली. दगडांना कोपरे आले. नारळाचे पाट्याएवढे झाले, पाट्याचे बैलगाडीएवढे. खाली गोल आणि वर टोकदार, या फरकाचा सुंदररावांनी एकच अर्थ लावला: हे कुणीतरी फोडून आणून टाकलेत, पाणी अडवायला. राधाकिशन म्हणाला की दगड मुळात असेच असतात, खाली जाता जाता घासून घासून गोल होतात. सुंदरराव म्हणाले की माणसाचंही तसं होतं म्हणतात, पण त्यांच्या पाहण्यात नाही.

एका वस्तीवर गाडी लावून ते पायी निघाले. दोन्ही बाजूंनी करंज आणि उंबर इतके वाकले होते की ऊन खाली पोचत नव्हतं. पात्रात नुसती पानं साठली होती. आणि मग काहीही पूर्वसूचना न देता पाणी दिसलं. वीतभर रुंद, काचेसारखं. ते वरून दगडांतून उड्या मारत येत होतं आणि सुंदररावांच्या पायाशी आल्यावर गोट्यांच्या ढिगात शिरून नाहीसं होत होतं. ते तिथंच उकिडवे बसले. एक वाळकं पान पाण्यावर सोडलं. पान आलं, गोट्यांपाशी अडलं, पाणी त्याच्या खालून निघून गेलं. पान बसून राहिलं. सुंदररावही बसून राहिले. ज्याला पकडायला एवढ्या लांब आले तो चोर समोर होता, आणि तो कुणी माणूस नव्हता. पाणी आपलं आपण मुरत होतं. पण एका बाजूचा संशय फिटला की दुसऱ्या बाजूचा वाढतो. अडवत नसतील, तर मग खोटं बोलतात. ही गंगा आहे?

उंबरदऱ्यातलं शेवटचं घर तुळजाबाईंचं, म्हणजे सोमेश्वरच्या आईचं. ओढा खरोखर दारातून जात होता. घरची कोंबडी तो न भिजता ओलांडत होती. न कळवता आलेल्या पाहुण्यांना तुळजाबाईंनी बसायला घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि सोमेश्वर दुकानावर असल्याचं सांगितलं. पन्नाशी ओलांडलेली उंच, हाडापेरानं मजबूत बाई. चेहऱ्यावर आनंद नाही, नाराजीही नाही. सुंदररावांना असा चेहरा मोंढ्यातून ओळखीचा होता. असा शेतकरी वजनाच्या वेळी बोलत नाही, काट्याकडं बघतो.

"गंगा कुठली?" सुंदररावांनी विचारलं.

"ही का."

"ही?"

"आमी हिलाच म्हणतो. तुमच्याकडं मोठी आसंल."

उगम बघायचाय म्हटल्यावर त्या पुढं झाल्या. घराच्या मागं थोड्या चढावर काळ्या खडकाला आडवी चीर होती, वर एक जुना उंबर, आणि चिरेतून पाणी गळत होतं. धार करंगळीएवढी. चिरेजवळच ठिबकची काळी नळी पडली होती. तिचं एक टोक दगडांत गेलं होतं, दुसरं घराच्या दिशेनं. सुंदररावांचे डोळे त्या नळीवर गेले आणि तिथंच राहिले. मुलगा मोटारी दुरुस्त करतो. बोअर असणारच. पाहुणे येताना वस्तीवरूनच दिसतात. तेवढ्यात मोटार चालू करायची, नळीनं पाणी दगडाच्या मागं सोडायचं, की झाली बारमाही गंगा. सगळं जुळत होतं. त्यांनी बाही वर केली, गुडघे टेकले आणि मोंढ्यात पोत्यात घालत तसा हात चिरेत घातला. मनगट, कोपर, शेवटी खांदा खडकाला लागला. गाल ओल्या दगडाला चिकटला होता. नळीचं आतलं टोक शोधत त्यांची बोटं आत फिरत होती.

मग ते स्तब्ध झाले.

राधाकिशनला वाटलं, भक्तिभावानं कान लावून बसलेत. त्यानं चप्पल काढून हात जोडले. सुंदररावांच्या कपाळावर घाम आला होता, पण तोंडातून शब्द नव्हता. होणाऱ्या विहिणीसमोर ओरडायचं नाही, एवढं त्यांना त्या अवस्थेतही सुचलं होतं. हळूहळू हात बाहेर आला. मधल्या बोटाला तळहाताएवढी खेकडी लटकत होती.

"झटकू नगा," तुळजाबाई म्हणाल्या. "हात पाण्यात धरा. आपसूक सोडती."

त्यांनी हात ओढ्यात धरला. खेकडीनं विचार करायला वेळ घेतला, मग सोडलं. ती उलटी झाली तेव्हा तिच्या पोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं चिकटलेली दिसली, गच्च, हलणारी. बोटातून रक्त येत होतं, तरी सुंदरराव त्या पिल्लांकडं बघत राहिले.

"पाव्हणं येणार म्हणून मोटरीनं पाणी सोडलं, असं म्हणायचं आसंल तर म्हणा," तुळजाबाई म्हणाल्या. "खेकडी आणून ठिवली म्हणा. तिची पिल्लं कुणी आणावी?"

सुंदररावांची नजर पुन्हा नळीवर गेली. तुळजाबाईंनी ठिबकची नळी उचलून दाखवली. ती चिरेतलं पाणी घरच्या टाकीत नेत होती. मग कुंकवाचा रंग उडालेल्या जुन्या पातळाची चिंधी फाडून त्यांनी सुंदररावांचं बोट बांधलं आणि शेजारच्या दगडावर बसल्या. आता त्यांची पाळी होती.

त्या म्हणाल्या की मुलगी बघायला बोरथडीला आल्या तेव्हा आधी नदीवर पाय धुवायला गेल्या होत्या. एवढं पाणी त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आत पाय घातला तर पाय दिसेना. घरी आल्यावर प्यायला जे पाणी दिलं ते जारमधलं, विकतचं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. ज्यांना दारातली नदी पिता येत नाही त्यांच्या घरात आणखी काय काय झाकलेलं असेल, असं वाटलं. परत जाऊन नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं.

"मग तवा न्हाई कावून म्हणल्या न्हाई?" सुंदररावांनी विचारलं.

"तुमच्या पोरीला इचारलं, हे पाणी असं कावून. म्हटलं आता बापाची बाजू घेईल. ती म्हणली, मावशी, हे तुमच्याकडचंच हाय. वाटंतल्या समद्या गावांनी हात धुतल्यावर आमच्याकडं येतं."

राधाकिशन हसला. बाकी दोघं हसले नाहीत.

"झाकलं न्हाई तिनं," तुळजाबाई म्हणाल्या. "म्हणून मीबी झाकत न्हाई. आज हाय तेवढं पाणी जेठात ऱ्हात न्हाई. मागल्या दुष्काळात तर ही चीर महिनाभर आटलती. टँकर फाट्यापर्यंत यायचा, तिथनं मी डोक्यावर आणलं. सोम्या गाडीवर ड्रम आणतो म्हणतो, आणीलबी. पण तुमच्या लेकीला हंडा उचलावाच लागणार न्हाई, असं मी लिहून देणार न्हाई. राधाकिशन काय बोलला ते त्याचं."

सुंदररावांनी मोंढ्यात हजारो शेतकरी पाहिले होते. पोत्याचा तळ स्वतःहून उपसून दाखवणारा त्यांना भेटला नव्हता. त्यामुळे अशा वेळी काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मंगल आठवली. वडिलांना त्या दिवाळीत कुणी एवढं सांगितलं असतं, तर वडिलांनी काय केलं असतं? मोडलं असतं, हे एक. किंवा दिलीच असती, पण तिला सांगून दिली असती. दुसऱ्यात काय फरक पडला असता ते त्यांना नीट मांडता येईना, पण पडला असता असं वाटलं.

ते बांधलेलं बोट उलटसुलट करून बघत बसले, तशी राधाकिशननं उठून चप्पल घातली. त्याच्या हिशेबानं हे स्थळ गेलं होतं.

आणि तेव्हाच सुंदररावांच्या मनात नवा संशय आला. ही बाई आपल्या घराचं इतकं वाईट का सांगतेय? मुलगी द्यावी असं वाटणारा माणूस असं बोलतो का? दुष्काळ काय, टँकर काय, हंडा काय. हिला नको आहे. जारचं पाणी अजून हिच्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि आपण होऊन नाही म्हणावं म्हणून ही वाट बघतेय. आपली शिकलेली, मेडिकलवर काम करणारी मुलगी, आणि ती या कोंबडीएवढ्या ओढ्याच्या घराला नको?

"आमच्याकडनं हो हाय," ते म्हणाले. त्यांनाच आपला आवाज मोठा वाटला. "तुमच्या मनात काय आसंल ते आत्ताच सांगा."

"माझ्याकडनंबी हाय," तुळजाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

राधाकिशननं चप्पल पुन्हा काढली.

परत येताना गाडी डांबरी रस्त्यानं आली. नदीची तपासणी संपली होती. दिवस मावळायच्या आत ते बोरथडीला पोचले. सुंदररावांची बायको विजयमाला ओट्यावरच बसली होती, पण तिनं काही विचारलं नाही. नवऱ्याला पहिला प्रश्न केला की उत्तर उलटं येतं, असा तिचा अनुभव होता. स्वप्नालीनं वडिलांचं बोट पाहिलं, आतून डेटॉल आणि पट्टी आणली आणि समोर बसली. चिंधी सोडताना ती खाली बघत होती.

"कशानं झालं?"

"खेकडी."

"तिथं खेकडी हायती?"

"पिल्लावाली."

तिनं जखम पुसली. तिचा हात स्थिर होता. मेडिकलवर बसणाऱ्या मुलीचा असतो तसा. मग वर न बघता तिनं विचारलं,

"काय सांगून आलात?"

सुंदररावांनी तिला आधी चिरेचं सांगितलं, धार किती ते करंगळीनं दाखवलं. जेठात ती आणखी कमी होते ते सांगितलं. दुष्काळात आटली होती ते, टँकर फाट्यावरच थांबतो ते, फाट्यापासून चढ आहे ते, आणि हंडा उचलावा लागणार नाही असं तिथं कुणी लिहून देत नाही तेही. विजयमालानं मधे दोनदा त्यांच्याकडं रागानं पाहिलं. त्यांनी काही गाळलं नाही.

"तू म्हणशील तर अजून मोडता येतं," ते म्हणाले. "मी हो म्हणून आलोय."

स्वप्नालीनं पट्टी मोजून कापली. मग म्हणाली, टाकी मोठी बसवायला सांगू. पावसाचं पाणी साठतं तशी.

"त्या काय म्हणल्या?" तिनं विचारलं.

"त्याबी हो म्हणल्या."

"मग झालं की."

"झालं," सुंदरराव म्हणाले. ते पुलाकडं बघत होते. "पण लगीच म्हणल्या. इचारसुदिक केला न्हाई. कावून केला नसंल?"

स्वप्नालीनं पट्टीची गाठ मारली, ती गरजेपेक्षा घट्ट.